बॉलपार्कला कुंपण असते

प्रश्न : आमची कर्वेनगरमधील सोसायटी २४ सदनिकांची आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचे रंगकाम करायचे ठरल्यावर आम्ही एका ठेकेदाराला बोलावले. त्याने इमारतीभोवती एक फेरी मारली, गच्चीवर जाऊन आला आणि ‘बॉलपार्क फिगर सांगायची तर चौदा लाख’ असे म्हणाला. सचिवांनी इतिवृत्तात ‘खर्च १४ लाख रुपये’ अशी नोंद केली आणि त्या हिशेबाने वर्गणीही गोळा झाली. पुढे मोजमाप घेऊन आलेले लेखी दरपत्रक २१ लाखांचे निघाले. सभेत जाब विचारल्यावर ठेकेदाराचे उत्तर एवढेच होते की, ‘मी बॉलपार्क म्हणालो होतो.’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? आकड्याचा आणि पार्कचा संबंध कसा आला? आणि मराठीत यासाठी कोणता शब्द वापरावा? (एक ज्येष्ठ वाचक, कर्वेनगर)

उत्तर : आपले तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि सभेत झालेल्या वादाची उकलही त्यांच्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्यक्ष मोजमाप न करता, परंतु अनुभवाच्या आधारे सांगितलेला आकडा म्हणजे बॉलपार्क फिगर. खरा आकडा तंतोतंत तोच निघेल असा दावा सांगणारा करीत नाही. मात्र तो एका ठरावीक हद्दीच्या आत पडेल, एवढी हमी त्याच्या बोलण्यात गृहीत असते. व्यवहारात या अर्थाचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि हमीचा भाग विसरला जातो. शब्दाचा उगम पाहिला, तर हा दुसराच भाग अधिक महत्त्वाचा आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान. ‘पार्क’ म्हटले की पुण्यात आपल्या डोळ्यांपुढे पेशवे पार्क उभे राहते, म्हणजे झाडे, बाकडी आणि खेळणारी मुले. परंतु दादरचे शिवाजी पार्कही आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याची ओळख बागेपेक्षा क्रिकेटच्या मैदानामुळे अधिक आहे. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ शिकारीसाठी कुंपण घालून राखलेले रान असा होता. फुलझाडे आणि पायवाटा पार्कात फार उशिरा आल्या. कुंपण मात्र त्या शब्दात पहिल्यापासून आहे.

बेसबॉलच्या बाबतीतही कुंपणाला स्वतःचा इतिहास आहे. १८४० च्या दशकात न्यूयॉर्कचे खेळाडू हडसन नदी ओलांडून होबोकेन येथील एलिझियन फील्ड्स या मोकळ्या जागेत खेळायला जात. तिथे जागेला हद्द नव्हती आणि कोणीही कडेला उभे राहून खेळ पाहू शकत असे. १८६२ साली ब्रुकलिनमध्ये युनियन ग्राउंड्स हे चहूबाजूंनी बंदिस्त मैदान सुरू झाले. कुंपणामुळे दारावर पैसे घेऊन प्रेक्षकांना आत सोडणे शक्य झाले आणि बेसबॉल हा हळूहळू धंद्याचा खेळ बनला. बॉलपार्क हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, तो अशा बंदिस्त मैदानांसाठी.

या मैदानांचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाला फारच जवळचे आहे. बेसबॉलमध्ये आतली मापे अगदी काटेकोर असतात. एका बेसपासून, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यापासून, दुसऱ्या बेसचे अंतर ९० फूट म्हणजे ९० फूटच. बाहेरचे कुंपण मात्र प्रत्येक मैदानात निराळ्या अंतरावर असते. बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ पासून वापरात आहे. तिथे डाव्या बाजूचे कुंपण फलंदाजापासून केवळ ३१० फुटांवर आहे, आणि ते इतके जवळ असल्यामुळे तिथली भिंत ३७ फूट उंच आहे. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या जुन्या मैदानात उजवीकडचे कुंपण २५८ फुटांवर होते आणि समोरचे साडेचारशे फुटांच्याही पलीकडे. क्रिकेटमध्ये खेळपट्टी सगळीकडे २२ यार्डांची असते आणि सीमारेषा मात्र मैदानागणिक बदलते, तसाच हा प्रकार आहे. तात्पर्य असे की ‘बॉलपार्कच्या आत’ म्हणजे किती आत, याचे एकच एक उत्तर नसते. कोणते मैदान, हे आधी विचारावे लागते.

लाक्षणिक अर्थाचे छापील पुरावे मात्र बरेच नंतरचे, गेल्या शतकाच्या मध्यानंतरचे आहेत. त्यांपैकी मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण ऑगस्ट १९६० मधले आहे आणि त्याचा खेळाशी काहीही संबंध नाही. अमेरिकेने डिस्कव्हरर १४ नावाचा उपग्रह सोडला होता. पृथ्वीभोवती फिरून झाल्यावर त्यातून एक कुपी सुटून पॅराशूटच्या साहाय्याने पॅसिफिक महासागराच्या दिशेने खाली येणार होती, आणि ती पाण्यात पडण्यापूर्वी विमानाने हवेतच पकडायची, अशी योजना होती. १९ ऑगस्ट रोजी हवाई बेटांजवळ एका सी-११९ विमानाने मागे सोडलेल्या हुकांमध्ये ती कुपी तिसऱ्या प्रयत्नात अडकवली. कक्षेतून परत आलेली वस्तू हवेत झेलण्याचा तो पहिला प्रसंग होता. जगाला हा शास्त्रीय प्रयोग असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या कुपीत सोव्हिएत भूमीची टेहळणी करणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म होती, आणि ‘कोरोना’ या सांकेतिक नावाचा तो सगळा कार्यक्रम १९९५ मध्ये अमेरिकी सरकारने अधिकृतपणे उघड केला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने त्या वेळी दिलेल्या बातमीत असे म्हटले होते की, कुपी अपेक्षित जागेच्या केंद्रापासून २०० मैल दूर होती, तरीही ती नेमून दिलेल्या ‘बॉलपार्क’ क्षेत्राच्या आतच होती. या वाक्यापाशी थोडे थांबावे. २०० मैल म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर मागे टाकून जवळजवळ बेळगावपर्यंत. एवढी चूक होऊनही मोहीम यशस्वी ठरली, कारण कुपी सुटण्यापूर्वीच हद्द आखलेली होती आणि त्या हद्दीत विमाने घिरट्या घालत होती. उंच उडालेला चेंडू झेलण्यासाठी कुंपणाच्या आत पसरून उभ्या राहिलेल्या क्षेत्ररक्षकांचे चित्र त्या बातमीच्या लेखकाच्या मनात असावे, असे मला वाटते. चेंडू नेमका कुठे पडेल हे क्षेत्ररक्षकाला आधी सांगता येत नाही. तो कुठवर जाऊ शकतो, हे त्याला माहीत असते आणि त्याप्रमाणे तो उभा राहतो. आकड्यांच्या बाबतीत ‘बॉलपार्क फिगर’ हा शब्दप्रयोग याच १९६० च्या दशकात अमेरिकी कचेऱ्यांत आणि वृत्तपत्रांत पसरला आणि संगणक कंपन्यांबरोबर तो आपल्या हिंजवडी-बाणेरपर्यंत आला.

आणखी एक कथा सांगितली जाते. सामन्याचे धावते वर्णन करणारे निवेदक मैदानातील गर्दीकडे पाहून प्रेक्षकसंख्येचा अंदाज सांगत आणि त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे म्हणतात. ही कथा ऐकायला सोपी आहे, म्हणून लोकप्रियही आहे. परंतु जुनी छापील उदाहरणे प्रेक्षकसंख्येकडे बोट न दाखवता पडण्याच्या जागेकडे आणि हद्दीकडे दाखवतात, त्यामुळे मी ती स्वीकारत नाही. एक घोटाळाही टाळायला हवा. चेंडू पार्कच्या बाहेर मारणे याला बेसबॉलमध्ये मोठा मान आहे, आणि म्हणून ‘पार्कच्या बाहेर’ हा प्रयोग इंग्रजीत घवघवीत यशासाठी होतो. अंदाज मात्र बॉलपार्कच्या बाहेर गेला, तर तो साफ चुकला असा अर्थ होतो. एकाच कुंपणाचे हे दोन अर्थ मिसळू नयेत.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही असे अनेकांना वाटते. वास्तविक मराठीने ही गोष्ट एका शब्दात बांधली नाही, कारण ती आपल्या संख्या उच्चारण्याच्या पद्धतीतच मुरलेली आहे. लग्नघरात आचारी विचारतो, ‘पानं किती धरू?’ आणि वधूपिता सांगतो, ‘तीनशे-साडेतीनशे धरा.’ या उत्तरात दोन्ही बाजूंची कुंपणे आलेली आहेत. तीनशेंच्या आत शिधा आणू नका आणि साडेतीनशेंच्या वर पान गेले तर ती माझी जबाबदारी, एवढा सगळा करार त्या जोडसंख्येत आहे. ‘दीड-दोन लाख’, ‘शे-सव्वाशे’, ‘दहा-बारा दिवस’ हे सगळे याच घडणीचे आहेत. कुंपण आणखी जवळ आणायचे असेल तर ‘पन्नासेक’, ‘वीसेक’ असा ‘एक’ जोडून आपण एका संख्येच्या अगदी अवतीभवती राहतो. प्रत्येक जोडी मात्र हद्द दाखवतेच असे नाही. ‘पाच-पंचवीस माणसे जमली होती’ यात मोजणी नसून केवळ ‘काही थोडी’ एवढाच भाव असतो, आणि हा फरक जन्माने मराठी असलेल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

शब्दच हवा असेल, तर ‘अदमास’ हा माझ्या पसंतीचा आहे. ‘अदमासे सतरा लाख’ असे लिहिले की आकडा मोजलेला नाही पण हवेतलाही नाही, हे वाचणाऱ्याला कळते. ‘ढोबळ आकडा’ हा बोलीत चालणारा आणि सर्वांना समजणारा आहे. ‘ठोकताळा’ थोडा निराळा आहे, कारण त्यात हिशेबाची एखादी सोपी रीत अभिप्रेत असते, जसे बांधकामाचा चौरस फुटाचा दर धरून केलेला गुणाकार. ‘अंदाजपत्रक’ हा शब्द मात्र येथे अजिबात चालणार नाही. त्यात अंदाज हा शब्द असला तरी महापालिकेचे असो वा सार्वजनिक बांधकाम खात्याचे, अंदाजपत्रक बाबवार मांडलेले असते आणि त्यावर सही असते.

‘अमुक आकडा बॉलपार्कमध्ये आहे’ असे म्हणायचे असेल, तेव्हा मी ‘टप्प्यात आहे’ असे सुचवेन. ‘टप्पा’ म्हणजे चेंडूचे जमिनीवर पडून उसळणे, आणि ‘टप्पा’ म्हणजे मारा पोहोचण्याची हद्दही. ‘बंदुकीच्या टप्प्यात’, ‘आपल्या टप्प्यातले घर’ असे आपण सहज बोलतो. चेंडू आणि हद्द हे बॉलपार्कमधले दोन्ही अर्थ या एका जुन्या मराठी शब्दात एकत्र नांदत आहेत, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आता सोसायटीच्या वादाविषयी. १४ लाखांचे २१ लाख म्हणजे दीडपट. केवळ एक फेरी मारून, प्लॅस्टर ठोकून न पाहता सांगितलेल्या आकड्यात इतका फरक पडू शकतो, हे जुन्या इमारतीची डागडुजी केलेला कोणीही मान्य करील. म्हणून ठेकेदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. परंतु ‘मी बॉलपार्क म्हणालो होतो’ हे त्याचे उत्तरही अपुरे आहे, कारण कुंपण कुठे आहे हे त्याने सांगितले नव्हते, आणि कुंपण न सांगता सांगितलेल्या आकड्याला बॉलपार्क म्हणता येत नाही. दुसरीकडे, ‘खर्च १४ लाख रुपये’ ही नोंद चुकीची आहे. बोलताना आकड्याबरोबर आलेला अदमासाचा शब्द लिहिताना गळला आणि तिथेच एका अंदाजाचा ठराव झाला. पुढच्या वेळी इतिवृत्तात असे लिहावे : ‘प्रत्यक्ष पाहणीवरून ठेकेदाराने तोंडी सांगितलेला अदमास १४ ते २० लाख रुपये, मोजमाप व लेखी दरपत्रक आल्यावर रक्कम सभेपुढे ठेवून वर्गणी ठरविण्यात येईल.’ आणि ठेकेदार एकच आकडा सांगू लागला, तर ‘कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती?’ हे दोन प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत काम करते. आमचे अमेरिकेतील वरिष्ठ नव्या कामाला किती तास लागतील याचा ‘बॉलपार्क’ मागतात. परवा एका मराठी सहकाऱ्याला मी म्हणाले, ‘अंदाजपंचे पन्नास तास कळवून टाक.’ तो म्हणाला की अंदाजपंचे आणि बॉलपार्क एक नव्हेत. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण पाढ्यांमध्ये सापडते. पूर्ण वाक्प्रचार ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ असा आहे. दाहोदरसे म्हणजे ११०. संस्कृतातील दशोत्तरशत, म्हणजे शंभरावर दहा, या शब्दाचे हे पाढ्यातले रूप. जुन्या पद्धतीने पाढे म्हणणारी मुले ‘बावीस पंचे दाहोदरसे’ असे म्हणत, कारण बावीस पाचे एकशे दहा. आता ‘बावीस’ या संख्येच्या जागी ‘अंदाज’ हा शब्द बसवून पाहा. गुणायची संख्याच ठाऊक नाही, तरी उत्तर मात्र ठणकावून ११० असे सांगितले जाते. पाढा विसरलेल्या मुलाचा तो सूर त्या शब्दांत आजही ऐकू येतो. म्हणजे अंदाजपंचे सांगणारा माणूस हद्द सांगत नाही आणि त्याच्या आकड्यामागे अनुभवही नसतो. त्याला कुंपणच नाही.

याच्या नेमके उलट टोक पाहायचे असेल, तर महसूल खात्याची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, पाहावी. खरिपाच्या पिकांची आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, नंतर सुधारित आणि शेवटी अंतिम. पहिल्या फेरीतील आकडा नजरेने बांधलेला असतो आणि तो तसा आहे, हे त्याच्या नावातच कबूल केलेले असते. पुढे पीककापणीच्या प्रयोगांनंतर तो बदलू शकतो. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर गावातील शेतकऱ्यांच्या सवलती अवलंबून असतात, म्हणून या तीन पायऱ्यांपैकी आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे दर वेळी स्पष्ट लिहिले जाते. आपल्या वरिष्ठांना हवी असलेली गोष्ट या नजरअंदाजाच्या जातीची आहे.

‘अंदाज’ या शब्दाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्यात मापणे आणि फेकणे असे दोन्ही अर्थ आहेत. तीर फेकणारा तो तिरंदाज, आणि गोळा फेकणारा तो गोलंदाज. तोफखान्यातला हा गोलंदाज पुढे क्रिकेटच्या मैदानात आला आणि चेंडू टाकू लागला. अमेरिकी माणूस अंदाज सांगताना चेंडूच्या मैदानाची आठवण काढतो, आणि आपण चेंडू टाकणाऱ्याचे नाव घेतो तेव्हा त्यात ‘अंदाज’ हा शब्द उच्चारतो. या दोन प्रयोगांचा एकमेकांशी काही संबंध नसताना हे घडले आहे.

आपण पाठवायच्या निरोपाविषयी एवढेच सांगते की, ‘पन्नास तास’ असा एकच आकडा पाठवू नये. यापूर्वी केलेले सर्वांत जवळचे काम कोणते आणि त्याला किती तास लागले होते, ते आधी पाहावे. मग ‘चाळीस ते पंचावन्न तास, मागील तशाच कामावरून बांधलेला अदमास, गरजांची यादी पक्की झाल्यावर सुधारित आकडा कळवू’ असे लिहावे. तसे जुने काम हाताशी नसेल, तर आकडा देण्यापूर्वी दोन दिवस मागून घ्यावेत.